उभे धन्यकुमार आण्णा

धन्यकुमार आण्णांना मी अकरा वर्षांत एकदाही बसलेलं पाहिलं नव्हतं. खोटं वाटत असेल तर सांगलीतल्या आमच्या साड्यांच्या दुकानात कुणालाही विचारा. सकाळी दहाला काठापदराच्या काउंटरमागं जाऊन उभे राहिले, की रात्री नऊला शटर ओढेपर्यंत हा माणूस उभाच. संध्याकाळचा डबा दिवस मावळायच्या आत खायचा हा त्यांचा जैन घरातला नेम, आणि तोही उभ्यानंच. कुणी टोकलं तर म्हणायचे, "आमचं मुनी महाराज उभ्यानंच आहार घेत्यात. मी काय त्यांच्यापेक्षा मोठा हाय?"

शेजारचा ड्रेस मटेरियलचा काउंटर माझा. गिऱ्हाइकांना बसायला गुबगुबीत खुर्च्या आणि आम्हा सात नोकरांना साधं स्टूलसुद्धा नाही, असा आमच्या दुकानाचा थाट. त्यावरून मी रोज धुसफुसायची. आण्णा मात्र उभं राहण्याचा असा काही अभिमान बाळगून होते की जणू ते त्यांनीच शोधून काढलं होतं. आमचे शेठ भाऊसो रोज पहाटे जिमला जायचे. आण्णा डोळा मारून म्हणायचे, "भाऊसो पैसं देऊन दमत्यात, मी पगार घेऊन दमतो. श्याना कोण सांग."

आता खरं सांगायचं तर हे मलाही पटायचं. घरी सासूबाई म्हणाल्या, संयोगिता, जरा चालायला चल माझ्याबरोबर, की मी उखडायची. दिवसभर उभी असते ना मी? आणखी कसला व्यायाम पाहिजे?

गेल्या पावसाळ्यात आण्णांनी चातुर्मासाला आलेल्या महाराजांसमोर नियम घेतला. त्यांची आई, सुंदरीकाकू, ऐंशी पार. तिला मरायच्या आधी झारखंडातल्या सम्मेद शिखरजीचं दर्शन घ्यायचं होतं. तिथला पर्वत चढून, वरच्या सगळ्या टोकांवर वंदना करून उतरायचं म्हणजे सत्तावीस किलोमीटर होतात. काकू डोलीत बसणार आणि आण्णा डोलीबरोबर अनवाणी चालणार, पाऊलभरसुद्धा कशात बसणार नाहीत, असा तो नियम. दिवाळीनंतरची तिकिटं काढून झाली होती.

"आण्णा, झेपंल न्हवं?" मी विचारलं.

"अगं, तीस वर्सं अकरा-अकरा तास उभा हाय मी. पर्वताला माझ्याकडं बघून घाम सुटंल," ते म्हणाले. "काळजी हाय ती हिची. बसून-बसून गठुडं झालंय."

ही म्हणजे त्यांची बायको चंदनबाला. वहिनी घरी पापड लाटायच्या, मांडी घालून, दिवसभर. त्यामुळं आण्णांच्या लेखी त्यांचं काम म्हणजे आराम. वहिनी रोज सकाळी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, चालत जाऊन येतात, घरापासून जाऊन-येऊन तीन किलोमीटर, हे त्यांनी कधी मोजलंच नव्हतं. मीही नाही.

सराव म्हणून एका रविवारी आम्ही कुंभोजजवळच्या बाहुबलीच्या डोंगरावर गेलो. मलाही वहिनींनी ओढून नेलं. पायथ्याशी बाहुबलीची ती उंच, पांढरी, उभी मूर्ती. तपाला वर्षभर असा उभा राहिला की पायांवरून वेली चढल्या. आण्णा हात जोडून माझ्याकडं वळले. "बघ. आमच्या धर्मात उभ्याचंच कौतुक हाय."

पायऱ्या चढायला लागलो. पन्नासेक पायऱ्यांवर आण्णांच्या गप्पा बंद झाल्या. सत्तरीच्या आसपास त्यांनी कठड्याला हात लावला. वहिनी वीस पायऱ्या पुढं होत्या, पदर खोचून, धाप नाही की काही नाही. आणि माझ्या डोळ्यांसमोर धन्यकुमार आण्णा मटकन पायरीवर बसले.

मी तर हबकलेच. वहिनी उलट्या पावली धावत आल्या. आण्णांची उजवी पोटरी दगडासारखी झाली होती. मी चोळावी म्हणून विजार वर सारली आणि हात तसाच हवेत राहिला. घोट्याजवळची कातडी काळी पडलेली आणि तिथून गुडघ्यापर्यंत करंगळीएवढ्या जाड, निळ्या, वेड्यावाकड्या शिरा. भर उन्हाळा असला तरी कामावर कायम फुल पॅन्ट नि मोजे. अकरा वर्षं शेजारी उभी राहून मला पत्ता नव्हता.

"आण्णा, हे काय वं?"

"वेली हायत त्या," ते दम खात हसले. "बाहुबलीला चढल्या तशा मलाबी चढल्यात. आई तेल लावती रोज."

ते गंमत करत नव्हते. घरात सगळ्यांनी ते खरंच तसं मानलं होतं. उभ्यानं केलेल्या कष्टाचं देवानं दिलेलं चिन्ह! सुंदरीकाकू तर शेजारणींना कौतुकानं सांगायच्या, हे मला नंतर कळलं तेव्हा कपाळावर हात मारून घ्यायचंही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी मिरजेला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "व्यायाम काही करता?"

"रोज अकरा तास," आण्णा ताठ होऊन म्हणाले.

बाईंचं पेन थांबलं. "कसला?"

"उभा असतो."

बाईंनी चष्मा काढला. "काका, शाळेत मास्तर तुम्हाला वर्गाबाहेर उभं करायचे, ते बक्षीस म्हणून का?"

इतकी साधी गोष्ट, आणि आम्हा दोघांच्या डोक्यात कधी आली नव्हती. बाईंनी समजावलं, की पायातलं रक्त वर ढकलायचं काम पोटरी करते. पोटरी हलली तर रक्त वर जातं. चाललात तर ती हलते. एका जागी उभे राहिलात तर रक्त खाली साचतं आणि शिरा फुगतात. सोनोग्राफी झाली. आतल्या शिरेत रक्ताची गुठळी होती.

"पायाला तेल दिसतंय. मालीश कोण करतं? आजपासून बंद. ही गुठळी सुटून फुफ्फुसात गेली असती तर तुम्ही मला दिसलाच नसता."

सुंदरीकाकूही सोबत आल्या होत्या. त्यांनी आपले दोन्ही तळवे उलटेसुलटे करून पाहिले. "माज्याच हातानं मी..." एवढंच म्हणाल्या नि तळवे पदराखाली घेतले. त्या शिरा वेली म्हणून मिरवणाऱ्या आण्णांचा मला त्या क्षणी भयंकर राग आला.

आण्णांचं शिखरजी बंद. दोन दिवसांची रेल्वे नको, पर्वत तर नावच नको. आण्णांना नियम मोडल्याचं इतकं लागलं की आठवडाभर ते रोज ती तिकिटं काढून बघायचे. मग एका संध्याकाळी वहिनी म्हणाल्या, "आईंना मी नेती." आण्णांनी तोंड उघडलं. "तुला झेपायचं न्हाई." वहिनी पापडाची लाटी फिरवत म्हणाल्या, "बघू की."

त्या गेल्या. आण्णा औषधं खात, पायात घट्ट मोजे घालून दुकानात परत आले आणि पुन्हा काउंटरमागं उभे! मी तडक भाऊसोंच्या केबिनमध्ये गेले. "माणूस मरता मरता वाचला, आता तरी एक स्टूल द्या." नोकरी गेली तरी बेहत्तर, अशा तयारीनं मी बोलत होते.

भाऊसो माझ्याकडं बघतच राहिले. "स्टुलं? अगं, दुकान नवं केलं तवा, तू यायच्या आधी, सात आणली हुती मी. गोडाऊनमधी पडल्यात. धन्यकुमारनंच आत ठेवायला लावली. म्हणाला, बसलेला नोकर दुकान बसवतो. मला बी भीती वाटली, खरंच धंदा बसला तर?"

अकरा वर्षं मी ज्या शेठला मनातल्या मनात शिव्या घातल्या, तो बिचारा स्टुलं आणून बसला होता! आणि ज्याच्यासाठी मी भांडायला गेले होते त्यानंच ती नाकारली होती. नुसतं स्वतःचं नाही, आम्हा सातही जणांची. 'बसणं' या एका शब्दावर कोटी करून त्यांनी आम्हा सगळ्यांना इतकी वर्षं उभं ठेवलं होतं.

बाहेर आले तर आण्णा फोन कानाला लावून उभे होते. दुपारचे तीन वाजले असतील. पलीकडून सुंदरीकाकू ओरडून बोलत होत्या, मलाही ऐकू येत होतं. "सगळी वंदना झाली रं. चंदना चालली. अनवाणी, सगळी, एकदाबी बसली न्हाई. डोलीवालं दोनदा थांबलं, ती न्हाई थांबली."

आण्णांनी विचारलं, "पाय दुखत्यात का तिचं?" आणि उत्तर ऐकायच्या आधीच त्यांचे डोळे भरून आले. तीस वर्षांत हा प्रश्न त्यांनी घरी पहिल्यांदा विचारला असावा.

फोन ठेवून त्यांनी माझा चेहरा पाहिला. भाऊसोंच्या केबिनकडं पाहिलं. त्यांना कळलं. काही न बोलता ते पाय ओढत गोडाऊनमध्ये गेले आणि एक-एक करून स्टुलं बाहेर आणू लागले. प्लॅस्टिकचं वेष्टणसुद्धा निघालं नव्हतं. पहिलं त्यांनी माझ्या मागं ठेवलं, रुमालानं पुसलं.

"संयोगिता," ते खाली बघत म्हणाले, "तुज्या बी पायाला काय झालंय का गं?"

होतं. डाव्या गुडघ्यामागं एक निळी रेघ. बाहुबलीहून आल्यावर रात्री आरशात पाहिली होती आणि घरात कुणालाही सांगितली नव्हती. त्या दिवशीच काय, पुढचे चार दिवस मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही.

पण समोर इचलकरंजीहून आलेलं गिऱ्हाईक उभं होतं, आणि त्याच्यादेखत मी त्या स्टुलावर बसले.