पहले नाक, फिर मुँह

"पहले नाक, फिर मुँह," असं म्हणत ते कशातही आधी नाक खुपसायचे. नुसत्या वाइनमध्ये नाही, माझ्या डब्यातल्या सुकटीतसुद्धा.

दुबई मरीनातल्या आमच्या हॉटेलात ते वाइनचे जाणकार होते, मूळचे जॉर्जियाचे. हिंदी किचनमधल्या मुलांकडून उचललेली. खरेदी खातं माझ्याकडे. मी वसईची, यादी केल्याशिवाय कामाला हात न लावणारी. तरी आमचं जमलं, कारण नाताळची वाइन आमच्याही घरी होते.

तरुणपणी ते वाइन करायचे आणि तालुक्याचे अध्यक्षही होते. दारूबंदीसाठी मॉस्कोहून हुकूम आला, द्राक्षवेली उपटा. यांनी रस्त्याकडेच्या ओळी उपटल्या आणि पाहणीला आलेल्यांना तिथेच भरपेट जेवू घातलं. मागचा मळा कोणी पाहिलाच नाही. मग सोव्हिएत राज्यच कोसळलं. कचेरीवर झेंडा कोणता लावायचा यावर सभा भरली. हे म्हणाले, "द्राक्षं पिकलीत. आधी तोडणी, मग झेंडा."

पुढच्या निवडणुकीत ते एका मताने पडले.

"आणि तुमचं मत?" मी विचारलं.

"सामनेवाले को दिया. अपने को वोट देना अच्छा नहीं लगता, दीदी."

पुढे वीज गेली, गिऱ्हाईक गेलं. मळा भावाकडे सोपवून ते इथे आले.

गेल्या वर्षी नव्या मेनूसाठी चाखणी होती. लिफ्टमध्ये ते हळूच म्हणाले, "आज मेरी भतीजी की बोतल है. किसी को मत बताना. मेनू में नहीं लगी तो भाई बाग बेच देगा. खरीदनेवाला तैयार बैठा है."

बाटल्या खाकी पिशव्यांत झाकलेल्या. चौथ्या प्याल्यात त्यांनी नाक घातलं, पेन्सिल खाली ठेवली आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले.

"मैं इसमें वोट नहीं करूँगा."

मला कळलं. बाकीच्यांना भलतंच कळलं.

"इतकी वाईट?" शेफने न चाखताच प्याला बाजूला सारला. बार मॅनेजरनेही. बाटली कोणाची ते सांगायची सोय नव्हती.

"शेफ, त्यांच्या तोंडाकडे काय बघताय?" मी म्हटलं. "पहले नाक."

शेफने नाक घातलं. पुन्हा घातलं. घोट घेतला आणि दुसऱ्यांदा प्याला पुढे केला. बार मॅनेजरनेही चाखली; त्याचं आणि माझं मत मिळून बाटली मेनूत लागली. पिशवी निघाली, लेबलवर त्यांचं गाव.

त्यांनी प्याला उचलून वास घेतला, पण घोट न घेताच खाली ठेवला. "यल्ला, चलो दीदी, मेरा टिकट देखो. अंगूर तोड़ने का टाइम हो गया." ते मळ्यावर गेले, परत आले नाहीत.

चाखणीच्या टेबलाशी त्यांची खुर्ची अजून आहे. नवी बाटली उघडली की सगळे सवयीने आधी तिकडे बघतात. मग नाक प्याल्यात घालतात.