फोडलेलं मत

मी एका माणसाचं मत फोडलं. वर्तमानपत्रात मतं फोडणं म्हणतात ते वेगळं, त्यात पैसा असतो, डाव असतो. मला फक्त चार लोकांना हसवायचं होतं. मी मतदान केंद्राचा अध्यक्ष होतो, वय पंचविशीचं होतं, आणि एका आंधळ्या म्हाताऱ्यानं विश्वासानं माझ्या कानात सांगितलेली गोष्ट मी जेवणाच्या पंगतीत विनोद म्हणून सांगून टाकली.

आता माझं बरं चाललं आहे. मुलं मार्गी लागली, घर झालं. वर्गात नागरिकशास्त्र शिकवताना गुप्त मतदानाचा धडा आला की मात्र मला तो म्हातारा आठवतो आणि त्याचे उपकार आठवतात. त्यानं मला जे दिलं ते पुस्तकात नव्हतं, आणि मी त्याचं जे नेलं त्याची भरपाई मला कधीच करता आली नाही.

मी मास्तर झालो तेव्हा आमचं सरकार नागपुरात होतं. वर्षभरात ते मुंबईला गेलं, पुढं महाराष्ट्र झाला. शाळेच्या शिक्क्यावरचं राज्याचं नाव बदलत गेलं, मी घाटंजीच्या बाजूच्या त्याच खेड्यात त्याच मोडक्या खुर्चीवर होतो. शेजारच्या मोठ्या गावी आठवडी बाजार भरे. तिथं बैलबाजाराच्या तोंडाशी हा म्हातारा दोर विकत बसायचा. लहानपणी देवीत त्याचे डोळे गेले होते. अंबाडीचे दोर तो बोटांनी चाचपून वळायचा, आणि बाजाराच्या दिवशी बायको त्याला हाताला धरून आणून बसवायची.

त्या जागेवर त्याचं पोट होतं. आमच्याकडे बैल विकला की विकणारा आपलं दावं, कासरा सोडून घरी नेतो. दोरासकट बैल दिला तर घरची बरकत जाते म्हणतात. त्यामुळे घेणाऱ्याला बैल ताब्यात आल्याबरोबर नवा दोर लागतो, आणि समोरच हा बसलेला असायचा. तो बाजारात दुसरीकडे बसला असता, तर त्याच्या दोराला कोणी विचारलं नसतं.

महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या वर्षी त्या गावात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. तहसिलीत आम्हा मास्तरांना बसवून शिकवलं गेलं. ज्याला दिसत नाही, त्याच्या सांगण्याप्रमाणे केंद्राध्यक्षानं शिक्का मारायचा आणि कोणाला मारला ते कोणालाही सांगायचं नाही. मी ते वहीत उतरवून घेतलं होतं.

त्या वॉर्डात लढत दोघांची होती. छत्री ही निशाणी जुन्या सरपंचांची, ज्यांना सगळं गाव पाटील म्हणे. कंदील तांड्यावरच्या एका तरुण शेतकऱ्याचा. दुपारी बायकोनं म्हाताऱ्याला दारापर्यंत आणून सोडलं. मी त्याला पडद्याआड नेलं.

"बाबा, कोणाले द्याचं?"

"जवळ या मास्तर." तो माझ्या कानाशी वाकला. "आंधळ्याले कंदीलच पाह्यजे. छत्री घेऊन मी काय करू?"

मला हसू आवरेना. तोही हसला. मग म्हणाला, "हे बरं केलं सरकारनं. पयले चावडीत हात वर करा लागे. कोनाकोनाचे हात वर हायेत ते मले दिसे नाही, पन माह्या हात साऱ्याईले दिसे. आता तुम्हाले ठाऊक अन् मले ठाऊक."

मी कंदिलावर शिक्का मारला, कागदाची घडी केली, त्याचा हात धरून ती पेटीत टाकली.

संध्याकाळी आम्हा कर्मचाऱ्यांचं जेवण पाटलांच्या घरी होतं. नियमानं जायला नको होतं. पण गावात खानावळ नव्हती, सकाळपासून पोटात काही नव्हतं, आणि पाटलांचं बोलावणं टाळायची माझी हिंमतही नव्हती. पंगतीत पाटील गमतीत म्हणाले, "मास्तर, तुमचं सरकार म्हनते गुप्त मतदान. मंग आंधळ्याचं कसं केलं? त्याचा त तुम्हीच शिक्का मारला असन."

"मारला नं," मी म्हणालो. "तो म्हणे, आंधळ्याले कंदीलच पाह्यजे."

पंगत हसली. पाटीलही हसले आणि वाढणाऱ्याला म्हणाले, "मास्तरले आनखी एक पोळी वाढ." हात धुताना माझ्या ध्यानात आलं की त्या गावात आंधळा एकच आहे. आणि विनोदही माझा नव्हता, त्याचाच होता.

छत्री भरघोस मतांनी निवडून आली. म्हाताऱ्याच्या एका मतानं काही बिघडलं नव्हतं. तरी काही आठवड्यांनी मी बाजारात गेलो तर बैलबाजाराच्या तोंडाशी बाहेरगावचा एक दुकानदार दोराचे भारे मांडून बसलेला. पंचायतीनं बाजाराला शिस्त लावली होती, ज्याला त्याला जागा नेमून दिली होती. म्हातारा मला मिरच्यांच्या रांगेमागं सापडला. शिंकत होता. बैल घेणारं माणूस तिकडं फिरकत नव्हतं.

मी काय केलं असेल? दोर विकत घेतला. पुढच्या बाजारी आणखी एक. माझ्याकडे शेळीसुद्धा नव्हती. शाळेच्या खुंटीवर दोरांचं जाळं झालं. पोरांना झोके बांधून दिले, तरी दोर उरले.

एकदा त्यानं विचारलं, "मास्तर, ढोरं किती झाले तुमच्याकडं?"

"एकबी नाही, बाबा. शाळेच्या बादलीले लागते."

त्याची बायको बाजूला बसली होती. ती म्हणाली, "मांगच्या बाजारीबी बादलीलेच नेला होता. तुमची इहीर लय खोल दिसते."

ती सहज बोलली की मला टोचून बोलली, हे मला तेव्हा कळलं नाही. मी पैसे देऊन भराभर निघून आलो. बोलायला तोंड उघडायचो आणि नोकरी आठवायची. कोणी तहसिलीत एक ओळ लिहून कळवलं असतं तर मी घरी बसलो असतो, आणि माझ्या पगारावर आईवडील, दोन बहिणी होत्या. खरं तर ही सबब मी त्या वर्षात रोज स्वतःला सांगत होतो.

पुढं जिल्हा परिषद नव्यानं निघाली, तिची निवडणूक आली आणि माझी नेमणूक पुन्हा त्याच गावी झाली. मला वाटलं म्हातारा येणारच नाही. तो आला. बायकोनं दारापाशी सोडलं, मी हात धरला, पडद्याकडे वळलो. तो तिथंच, खोलीच्या मधोमध थांबला. समोर उमेदवारांचे प्रतिनिधी बसले होते.

"पाटलाचा मानूस कोनता हाय, मास्तर? त्याले मारा शिक्का," तो मोठ्यानं म्हणाला.

"बाबा, आत चला. हळू सांगा."

"हळू कायले? साऱ्याईले आयकू द्या."

प्रतिनिधी एकमेकांकडे पाहून हसले. मी आत जाऊन त्यानं सांगितलं तसा शिक्का मारला. पेटीत कागद टाकून त्याला दारापर्यंत नेलं तेव्हा तो हलक्या आवाजात म्हणाला, "आता सांगाले मोकळे हा तुम्ही."

त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. ठाऊक असून तो मला दोर विकत राहिला, ढोरांची चौकशी करत राहिला. चावडीत त्याचा हात सगळ्यांना दिसायचा, त्या काळात मी त्याला परत नेऊन बसवलं होतं. जागा गेल्याचं दुःख मला दिसलं होतं. हे दुसरं त्यानं दाखवल्यावर दिसलं.

त्या उन्हाळ्यात म्हातारा पुन्हा बैलबाजाराच्या तोंडाशी बसू लागला. त्यात मोठेपणा होता तो पाटलांचा. ठरवलं असतं तर ते माझी नोकरी घालवू शकले असते. त्यांनी तहसिलीत काही कळवलं नाही, आणि ग्रामसभेनंतरच्या पहिल्याच बाजारी जागा मोकळी करून दिली. त्या दुकानदाराला ते म्हणाले म्हणे, "तुह्याजवळ डोळे हायेत, तू कोठंबी बस." त्यांचेही माझ्यावर उपकार आहेत. पुढं एका निवडणुकीत माझी नेमणूक त्या गावी झाली तेव्हा म्हातारा आपणहून पडद्याआड आला आणि माझ्या कानाशी वाकला. त्यानं काय सांगितलं ते मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही.

पण जागा परत मिळायच्या आधी ती ग्रामसभा झाली. चावडीसमोर लोक बसले होते. म्हातारा कडेला, भिंतीला पाठ लावून, शेजारी त्याची बायको. बाजाराच्या जागांचा विषय निघाला तेव्हा मी उठलो.

पाटील म्हणाले, "मास्तर, तुमचं गाव दुसरं हाय. तुमचं येथं काय काम?"

"माह्या कसुराचं काम हाय, पाटील. दोन मिनिटं बोलू द्या."

त्यांनी मानेनं हो म्हटलं. मी माणसांमधून वाट काढत म्हाताऱ्यापुढं जाऊन बसलो, म्हणजे माझा आवाज कुठून येतो ते त्याला कळावं. पाठमोरा असलो तरी सभेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोललो.

"बाबा, मी मास्तर. तुम्ही माह्या कानात सांगतलेलं मत मी पंगतीत बोललो. ते सांगाचा मले हक्क नव्हता. सरकारनं मनाई केली होती अन् तुम्ही भरोसा ठेवला होता, मी दोन्ही मोडले. त्यापाई तुमची जागा गेली. तुम्हाले ठाऊक होतं, तरी मी वर्षभर तुमच्या पुढ्यात येऊन दोर घेत राह्यलो अन् खरं बोललो नाही. कसूर माह्या हाय, सजा तुम्ही भोगून राह्यले. मले माफ करा, बाबा."