ट्रंकेतली झबली

आमच्या सोनपेठकडं तान्ह्या लेकराला बारशापर्यंत नवा कपडा घालत न्हाईत. जुनं, मऊ पडलेलंच घालायचं. म्हणून लेकीची झबली, टोपडी, दुपटी मी ट्रंकेत जपली होती. दरसाल त्यात मूठभर डांबरगोळ्या टाकायची. या गोळ्यांचं नवल हाय. पाघळत न्हाईत, पाणी होत न्हाई, नुसत्या झिजत झिजत हवेत जातात. मागं वास तेवढा राहतो. पण कसर म्हणून लागू दिली न्हाई मी, अन् त्याचा तोरा केवढा! शेजारणीला बोलावून झबली दाखवली, "एक भोक काढून दाखव!"

लेक बाळंतपणाला आली, नातू झाला. घरी आणल्या आणल्या मी त्याला ट्रंकेतलं झबलं घातलं, दुपट्यात गुंडाळलं. लेक म्हणाली, "माय, लय वास यायलाय गं. धुऊन उन्हात तरी टाक."

"तू बी जुन्यातच वाढलीस, मेलीस का?" मी खेकसले. जीभ झडो माझी.

दोन दिवसांत लेकराचे डोळे हळदीवानी पिवळे झाले. तान्ह्याला कावीळ होतेच, कोवळ्या उन्हात धरलं की उतरते, असं मी म्हणत राहिले. दुपारी त्यानं दूध सोडलं. मग रडणं सोडलं. लंगोटावर काळ्या चहासारखी लघवी दिसली. जीप बोलावली, लेकीला बसवलं. परभणीला जायचं म्हणून घाईघाईत साडी बदलली, लेकरू उराशी धरलं, पदराखाली झाकलं. वाटेतलं पिंगळी गाव मागं पडलं तरी त्यानं हूं का चूं केलं न्हाई. "रड की रे राजा," म्हणत मी त्याच्या तळव्याला टिचक्या मारत होते.

डॉक्टरीणबाईंनी आधी झबलं हुंगलं.

"यात डांबरगोळ्या होत्या?"

"कसर लागू नये म्हणून..."

"गोळी हवेत जाते म्हणजे कुठं जाते, मावशी? कापडात मुरते. लेकरू तेच नाकानं घेतं, कातडीतून घेतं. काही लेकरांच्या रक्ताला ते जन्मतःच सोसत नाही. रक्तातल्या पेशी फुटतात, त्यातूनच ही कावीळ अन् काळी लघवी."

कपडे उतरवून पिशवीत बांधले. लेकराला निळ्या दिव्याखाली ठेवलं, रक्त चढवायला घेतलं. वाचेल का, विचारलं तर बाई म्हणाल्या, "आत्ता काही सांगता येत नाही." लेकीला आत घेतलं, मला न्हाई. मी दाराशी बसून होते. देवा, माझं आयुष्य घे पण याला राहू दे, एवढंच तोंडात. जाता येता लेक माझ्याकडं नुसती बघायची. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आतून रडणं ऐकू आलं. बारीक, पण माझ्याच नातवाचं! नर्स हसून म्हणाली, "भूक लागलीय त्याला." मी धावतच आत शिरले, हात पुढं केले.

लेकीनं लेकरू छातीशी ओढलं. "माय, जवळ येऊ नको."

"अगं, बघू तर दे..."

"तुझी साडी, माय."

मी पदर नाकाशी धरला. ठेवणीतली साडी, त्याच ट्रंकेतली. सोनपेठपासून परभणीपर्यंत मी त्याला याच पदराखाली झाकलं होतं.