मामांचा काढा यंत्रापुढे

आचऱ्यात ज्याच्या धडावर डोकं होतं, त्याने माझ्या मामांचा ब्राह्मीचा काढा एकदा तरी प्यायलेला होता. मामांचा धंदा नारळाचा, पण जीव सगळा पाल्यात. कुणी काही विसरलं, रडलं, चिडलं, की मामा तांब्या घेऊन हजर. आणि नुसतं पाजून थांबतील तर ते मामा कसले! आधी पावकीचा पाढा म्हणायला लावायचा, मग काढा पाजायचा आणि पुन्हा पावकी. एकदा आमचा पोस्टमन दुसऱ्या खेपेला जास्तच अडखळला. "काढो अजून वाटेर आसा," असं म्हणून मामांनी त्याला आणखी अर्धा तांब्या पाजला. त्या दिवशी गावात टपाल वाटलं गेलं नाही.

या सगळ्या खटाटोपामागे मामी होती. तिला फिट्स येत. चुलीपुढे, विहिरीवर, कुठेही. ती घागर घेऊन निघाली की मामा काहीतरी निमित्त काढून मागोमाग जात. काढ्याने तिला उतार पडतोय की नाही, हे त्यांना कुणी खात्रीने सांगत नव्हतं. एकोणीसशे साठच्या सुमारास मी मुंबईत नोकरीला होतो. तिथल्या एका इस्पितळात डोक्याला तारा लावून मेंदूतल्या लहरी कागदावर उतरवणारं यंत्र आहे, हे मी त्यांना बोलता बोलता सांगून गेलो. पुढच्या आगबोटीने मामा, मामी आणि कुंडीतली ब्राह्मी माझ्या दारात!

डॉक्टर तरुण आणि हौशी होता. काढ्याआधी आणि काढ्यानंतर, असे दोन्ही आलेख काढायचं त्याने कबूल केलं. मामी घाबरली, म्हणून आधी मामा बसले. मोठ्या ठिकाणी जायचं म्हणून त्यांनी पहाटेच डोक्यावर कानशिलांवरून ओघळेपर्यंत तेल चोपडलं होतं. एक तार चिकटवावी तर दुसरी घसरून मानेवर! साबणाची वडी झिजली, पण जन्मभर मुरलेलं तेल हटेना. शेवटी फडक्याने डोकं करकचून बांधलं आणि डॉक्टर म्हणाला, "आता अजिबात बोलू नका."

"गप रवलंय तर मेंदू चलतलो कसो?" मामांनी विचारलं, आणि कागदावरच्या रेघा थयथय नाचायला लागल्या.

"बघ रे, काढो चढलो!"

"काका, काढा अजून दिलेलाच नाही. हे तुमच्या जबड्याचं काम आहे."

मामी मात्र शहाण्यासारखी पडून राहिली. तिचे दोन्ही आलेख डॉक्टरने बराच वेळ पाहिले. "एवढ्यावरून सगळं ठरत नाही," तो म्हणाला, "पण काढ्याने फरक पडलेला दिसत नाही. या गोळ्या मात्र रोज द्या." मामा गप्प झाले. मामांना गप्प मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि मला ते मुळीच आवडलं नाही. जिन्यात आल्यावर म्हणाले, "हिका बरा होऊंदे, कशान का होयना."

गोळ्यांनी फिट्स थांबल्या. काढा थांबला नाही. मी एकदा मामीला छेडलं, तेव्हा ती हसली. "माका म्हायत आसा रे. पण ह्ये पहाटे उठान पालो ठेचतत. नको म्हटलंय तर तेंका काय वाटात?"

मामा गेल्यानंतर मी आचऱ्याला गेलो, तेव्हा ती स्वतःच चुलीवर काढा उकळत होती. तिने वाटी माझ्यापुढे केली.

"तू बघ. तेंच्यासारखो कडू होणा नाय."

मी घोट घेतला. तसाच कडूजहर होता.

"नाय गो मामी," मी म्हटलं, "तसो नाय."