नऊ बोटांचा अर्जदार

तो फोन मी अजून विसरलेलो नाही. दिग्रसच्या बाजूला एका ठाण्यात मी ठाणेदार होतो. सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. पलीकडच्या माणसाने नाव सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, "साहेब, त्या मोटर मिस्त्र्याले लेकरू देऊन राह्यले म्हंते. तो जेलात जाऊन आलेला हाय. पाहा बरं." आणि फोन ठेवून दिला.

त्याच मिस्त्र्याचा कागद माझ्या टेबलावर होता. शेतातल्या पंपाच्या जळालेल्या मोटरी तो नवी तांब्याची तार गुंडाळून भरून द्यायचा. बायको घरी शिवणकाम करायची. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. दोघांनी दत्तक मुलासाठी अर्ज केला, तीन वर्षं वाट पाहिली, आणि आता एका संस्थेतली चार वर्षांची मुलगी त्यांना मिळण्याच्या बेतात होती. अडलं होतं ते फक्त आमच्या पडताळणी अहवालावर. तो आठ दिवसांत पाठवायचा होता.

निनावी फोनवर मी कधी पूर्ण विश्वास ठेवला नाही, आणि तो कधी वाऱ्यावरही सोडला नाही. असा माणूस बहुधा खोटं बोलत नाही. अर्धवट ऐकलेलं सांगतो. मी संगणकावर नाव तपासायला लावलं. हवालदार थोड्या वेळाने आला तो तोंड पाडूनच. शेजारच्या जिल्ह्यात बारा वर्षांपूर्वी तांब्याची तार चोरल्याचा गुन्हा, सहा महिने शिक्षा. नाव तेच, बापाचं नाव तेच, गाव आणि मोहल्लाही तोच.

नवरा-बायकोला बोलावून घेतलं. बायकोला सगळे भाभी म्हणायचे. त्यांच्या हातात पिशवी होती आणि पिशवीत पिवळा फ्रॉक. काज करायचे राहिले होते. आमच्या महिला हवालदाराशेजारी बाकावर बसून त्या काज करू लागल्या. मिस्त्र्याला मी आत घेतलं आणि गुन्हा वाचून दाखवला.

त्याने माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. मग म्हणाला, "कागदावर हाय तर असंल साहेब."

"म्हणजे? तू चोरी केलीस?"

"तसं नाही म्हनलो."

"मग केली नाहीस?"

"तसंही नाही म्हनलो."

नोकरीत मी हजारेक माणसं तरी समोर बसवली असतील. निर्दोष माणूस आधी भडकतो, हातवारे करतो, देवाच्या शपथा घेतो. गुन्हेगाराला तहान लागते. हा दोन्हींतलं काहीच करत नव्हता. फक्त दाराकडे पाहत होता, बायकोला ऐकू तर जात नाही ना म्हणून. पण भाभींनी ऐकलंच. फ्रॉक हातात घेऊन त्या आत आल्या.

"अवो, सांगा ना! काहून गप बसून राह्यले? पोरगी तिकडं वाट पाहून राह्यली!"

"तू चूप बस," तो म्हणाला, आणि स्वतःच रडू लागला.

नुसत्या नावावर एखाद्याचं मूल अडवायला माझं मन तयार होईना. तो गुन्हा केलेल्या माणसाच्या बोटांचे ठसे शिक्षेनंतर अंगुली मुद्रा केंद्रात गेलेलेच असणार. मी तिथे पत्र पाठवलं आणि मिस्त्र्याला विचारलं, "तुझे ठसे देतोस?" तो लगेच कबूल झाला. हवालदाराने काचेवर शाई लावून एकेक बोट ठशांच्या पत्रिकेवर फिरवलं. डाव्या हाताच्या मधल्या बोटापाशी तो थांबला. बोट पहिल्या पेराशीच संपत होतं.

"हे कधी झालं रे?"

"चौथीत होतो साहेब. कडबा कटरमध्ये गेलं."

हवालदाराने त्या चौकोनात ठशाऐवजी 'छाटलेले' असं लिहिलं. शाळेच्या दाखल्यावरही ओळखीची खूण म्हणून तेच बोट नोंदलेलं होतं. तो मी मागवून घेतला.

पाचव्या दिवशी केंद्रातून ठशांच्या जुन्या पत्रिकेची प्रत आली. मी पाकीट फोडलं, मोजलं, पुन्हा मोजलं. दहाच्या दहा बोटं! पूर्ण, गोल, स्वच्छ. सोबत तज्ज्ञाचा अभिप्राय होता : उरलेल्या नऊ बोटांपैकी एकही जुळत नाही. हवालदार एवढा खूश झाला की मला विचारल्याशिवायच त्याने सगळ्यांना चहा सांगितला.

दोघांना पुन्हा बोलावलं. मी म्हणालो, "हा चोर तू नाहीस. पण त्याला तुझ्या बापाचं नाव माहीत होतं, घराचा पत्ता माहीत होता. आता बोल, कोण तो?"

मिस्त्र्याने मान खाली घातली. भाभींनी मात्र एकदा नवऱ्याकडे पाहिलं, पिशवी उचलली आणि निघून गेल्या.

तासाभरात एक ऑटो ठाण्यासमोर थांबला. मागच्या सीटवर भाभी होत्या. चालवत होता मिस्त्र्याचा थोरला भाऊ. दाढी पिकलेली, अंगाने थोराड. तो सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"साहेब, ते बोटं माहे हायेत. तवा एका मारामारीत माहं नाव आधीच पोलिसात गेलतं. म्हून याचं नाव सांगतलं. सुटून आलो तवा याले समदं सांगतलं. यानं आजपावतो तोंडातून शब्द नाही काढला."

धाकटा ओरडला, "भाईजान, तुमी कायले आले? पोरीची सोयरीक जमलीय ना तुमच्या! मोडली म्हंजे?"

"तुह्यासाठी नाही आलो," थोरला म्हणाला. "त्या लेकरासाठी आलो. माही पोरगी सासरी जाईन तवा जाईन. ते लेकरू आजच बिनाघराचं हाय."

बाप गेल्यावर या थोरल्यानेच धाकट्याला वाढवलं होतं, हाताला काम शिकवलं होतं. धाकटा त्याची परतफेड गप्प राहून करत होता. पण त्या परतफेडीत स्वतःचं लेकरू जात होतं.  मग भाभींनी दोघांनाही झापलं. हिंदीत, मराठीत आणि बहुधा उर्दूतही. ते इथे लिहिता येणार नाही.

थोरल्याचा जबाब नोंदवला, जुन्या नोंदीतलं नाव दुरुस्त करण्यासाठी प्रस्ताव पाठवला. खोटं नाव सांगितल्याबद्दल पुढे त्याच्यावर खटला चालला. न्यायालयाने त्याला कोर्ट उठेपर्यंत बसून राहण्याची शिक्षा दिली. तो दिवसभर इमानदारीने बसला. त्याच्या मुलीची सोयरीकही मोडली नाही. होणाऱ्या व्याह्याला त्याने सगळं आधीच स्वतः जाऊन सांगितलं होतं.

पडताळणी अहवालात आम्ही एरवी 'हरकत नाही' एवढंच लिहितो. त्या दिवशी मी पान भरून लिहिलं आणि मुदतीच्या एक दिवस आधी माणूस पाठवून यवतमाळला पोचवलं.

महिनाभराने ते चौघं ठाण्यात पेढे घेऊन आले. मुलगी थोरल्या काकाच्या कडेवर होती. वर्दी पाहून ती घाबरेल असं वाटून मी टोपी काढून ठेवली. तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "याचे केस कुठं गेले?" हवालदाराने हसू दाबलं नाही, आणि मीही त्याला रागावलो नाही.

पुढे नव्या पोरांना शिकवताना मी त्यांना सांगायचो : नाव जुळलं म्हणजे माणूस सापडला असं समजू नका. त्याला समोर बसवा, हात पाहा. आणि कोणी गप्प बसला तर तो काय लपवतोय एवढंच विचारू नका, कोणाला वाचवतोय तेही विचारा. तीस वर्षांत मी कितीतरी लोकांना त्यांच्या घरातून उचलून आणलं. माझ्या सहीने एखादं माणूस घरी गेलं, असं फार थोड्या वेळा झालं. ती मुलगी आता तिसरीत आहे. ईदला तिच्या हाती शीरखुर्म्याचा डबा येतो, अर्धा वाटेतच सांडलेला.