जान्याची हजेरी

कॉलेजच्या मागच्याच गल्लीत, लूमच्या खडखडाटात आमचं घर. तरी वर्गात मला कुणी विचारत नव्हतं. आणि हा जान्या! गणेशपुरीपलीकडच्या पाड्यावरून यायचा, 'हाय-न्हाय' बोलायचा, तरी कँटीनमध्ये त्याच्यासाठी जागा धरलेली. त्याची एसटी चुकली की हजेरीला त्याच्या नावानं तिघं-चौघं एकदम 'यस सर' ओरडायचे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एकदा मी मुद्दाम वर्गात गेलोच नाही. बाहेर खिडकीखाली उभा राहिलो. बघू, माझ्यासाठी कोण ओरडतंय!

सरांनी माझा नंबर पुकारला. कुणी हूं की चूं केलं नाही. सरांनी पुन्हा पुकारला.

"यस सर!"

आवाज जान्याचा होता. साला! तेवढं तरी दुसऱ्या कुणी करायला काय झालं होतं?