सायकलींची लग्नपत्रिका

तारामावशी हातात येईल तो कागद खालून वर वाचायची. रेशनकार्ड असो, वीजबिल असो की औषधाची चिठ्ठी. शिळफाट्याच्या एका छापखान्यात तीस वर्षं लग्नपत्रिकांची खालची नावं तपासून, घड्या घालून तिला ही खोड लागली होती. "वर गणपती असू दे नायतर बुद्ध भगवान, ते काय रुसत नाय," ती म्हणायची. "खाली माणसं असतात गं. ती रुसतात."

माझं पत्रकही तिनं असंच वाचलं. मी तेव्हा मुलींसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत नव्यानं लागले होते आणि मला फार अक्कल आहे असं माझं मत होतं. खालापूरकडच्या मावशीच्या गावात शाळा आठवीपर्यंत. पुढचं हायस्कूल पाच किलोमीटरवर, त्यामुळे आठवी झाली की पोरगी घरी. संस्था सायकली देणार होती, चालवायलाही शिकवणार होती. अट एकच : वीस मुलींच्या घरच्यांनी सभेत येऊन सह्या करायच्या. मी गुळगुळीत कागदावर छापून आणलं, 'किशोरी सक्षमीकरणाच्या दिशेने एक पाऊल'.

सभेला तीन माणसं आली. एक मावशी. एक गृहस्थ पंख्याखाली झोपायला. तिसरी प्राजक्ता, आठवीत पहिली आलेली, तीही एकटीच. तिच्या घरात आजोबांचा, नामदेवतात्यांचा शब्द चालायचा, आणि तात्यांचं म्हणणं होतं, शिकली तेवढी बास. "ताई, सायकल नाय मिळाली तर मी काय करू?" असं तिनं मला विचारलं. त्यात आमच्या साहेबांनी बजावलं, पुढच्या रविवारी वीस सह्या झाल्या नाहीत तर सायकली दुसऱ्या गावाला.

मावशीनं पत्रक उलटंपालटं केलं. "हे सक्षमीकरण कोण गं? कोणाची सून?"

"मावशी, थट्टा नको ना!"

"थट्टा नाय, पोरी. ह्यात एक पण माणूस नाय. मग माणूस कशाला वाचंल?"

तिनं तिच्या जुन्या छापखान्यातून चार दिवसांत पत्रिका छापून आणली. गुलाबी, सोनेरी बॉर्डरची. 'आमच्या गावच्या कन्यांचा सायकल-प्रवेशाचा मंगल सोहळा. शुभमुहूर्त रविवारी सकाळी दहा वाजून सतरा मिनिटांनी.' खाली निमंत्रक म्हणून अख्खा गाव, बारीक अक्षरात, वयाच्या क्रमानं. त्याखाली किलबिल : 'आमच्या ताईच्या सायकलला यायचं हं!' मी म्हटलं, 'आहेर आणू नये' असं तरी घालू या. "छे! तसं लिवलं की लोकांना वाटतं जेवण पण नाय," मावशी म्हणाली.

साहेबांनी पत्रिका पाहिली आणि कपाळाला हात लावला.

मावशीनं घरोघर बसून, प्रत्येक घरचं पाणी पिऊन पत्रिका वाटल्या. आणि दुसऱ्या दिवशी गावात बोंब झाली. नामदेवतात्यांचं नावच नव्हतं! तात्या पत्रिका घेऊन एसटीच्या थांब्यावर बसले आणि येईल-जाईल त्याला अडवू लागले. "वाच रं, वाच! ह्यात माजं नाव दाव! कालच्या पोरांची नावं हायत, आन मी काय मेलो?" घरी जाऊन त्यांनी जाहीर केलं, आमची पोरगी सायकलच काय, सायकलच्या सावलीला पण उभी राहणार नाय.

मी रडकुंडीला आले. मावशीवर ओरडलेसुद्धा. ती शांतपणे सुपारी कातरत म्हणाली, "चुकलं गं. म्हातारी झाले. तू एक टोपी, उपरणं आन नारळ घेऊन ये."

रविवारी बघते तर शाळेच्या पटांगणात मुंगीला जागा नाही. लोक खरंच आहेर घेऊन आले होते. कुणी सायकलच्या हँडलला ब्लाउजपीस बांधलं, एका आजीनं तर पातेलं आणलं होतं. एकोणीस सह्या झाल्या. विसावं नाव प्राजक्ताचं, आणि ती लांब कुंपणाबाहेर उभी. साहेब घड्याळ बघायला लागले.

मावशी उठली, ढोलकीवाल्याला पुढं घातलं आणि सगळी वरात घेऊन तात्यांच्या दारात गेली. सत्तरीची बाई सगळ्यांदेखत तात्यांपुढं वाकली. "तात्या, माज्याकडून लय मोटी चूक झाली. तुमच्याबिगर मुहूर्त अडलाय." टोपी चढली, उपरणं पडलं, नारळ हातात आला. आता अख्ख्या गावासमोर नाही कसं म्हणणार? तात्या नवरदेवासारखे चालत आले आणि ऐटीत म्हणाले, "कुटं करू सही?"

मी कागद पुढं केला तेव्हा दिसलं : पहिली ओळ कोरी होती. एकोणीसही सह्या दुसऱ्या ओळीपासून खाली होत्या. सगळ्यांना बोट ठेवून जागा दाखवायला मावशीच बसली होती.

पहिली सही तात्यांची झाली. संध्याकाळी मी मावशीला एकटीला गाठलं. "नाव मुद्दाम गाळलंत ना?"

"तीस वर्सांत माजं एक नाव गळलं नाय," ती हसली. "घातलं असतं तर तात्या पत्रिका खिशात ठिवून घरात बसले असते. रुसले म्हणून सगळ्या गावानं त्यांचं नाव शोधलं, आन शोधता शोधता रविवार पाठ केला. आन समजूत काडली की माणूस जास्तच येतो. कोणाला बोलू नको हां."

प्राजक्ता आता कर्जतला कॉलेजात आहे. मावशी गेल्या हिवाळ्यात गेली. मला ती फार आठवते, नवं पत्रक लिहायला घेतलं की हमखास. तिच्या शोकसभेत तात्या उभे राहिले आणि ढसाढसा रडले. "आयुष्यात एकच बाई माजी माफी मागायला आली," म्हणाले, "आन ती पण येवडी मोटी चूक सगळ्यांदेखत कबूल करणारी!" मी पदर तोंडाशी धरला. लोकांना वाटलं मी रडतेय, आणि ते अर्धं खरंही होतं. तात्यांना मी अजून काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर ते पुन्हा रुसतील, आणि त्यांची समजूत काढायला आता मावशी नाही.